घरी व्हीपीएन लावताय? आधी ई-मेल अडकणार नाही याची सोय करा

प्रवेश फेरीचा शेवटचा दिवस. पसंतीक्रम भरायचा म्हणून मुलगा फोन उघडतो, तर मेल म्हणतो, 'हे तुम्हीच आहात याची खात्री करा.' पासवर्ड बरोबर आहे, फोनही तोच आहे. पण ओटीपी ज्या नंबरवर जातो ते सिम रिचार्ज न केल्याने कधीच बंद पडलेलं. आदल्या रात्री गेम लवकर चालावा म्हणून फोनमध्ये फुकटचा व्हीपीएन टाकला होता. तो तसाच चालू राहिला आणि मेलवाल्या कंपनीला वाटलं, खातं कुणीतरी परदेशातून उघडतंय.

असा प्रसंग कुणाच्याही घरी येऊ शकतो. सीईटीचा अर्ज, महाडीबीटी, डिजिलॉकर, नोकरीचं बोलावणं, बँकेचं स्टेटमेंट, सगळं आता एका ई-मेलला बांधलेलं आहे. तो अडकला की बाकीचंही अडतं. व्हीपीएन वाईट नाही, काही कामांना तो लागतोच. पण तो लावण्याआधी आणि लावल्यानंतर काय काळजी घ्यायची, याची माहिती इथे एकत्र दिली आहे. बातमी सेव्ह करून ठेवा, वेळेला उपयोगी पडेल.

व्हीपीएन म्हणजे नेमकं काय?

व्हीपीएन म्हणजे व्हर्च्युअल प्रायव्हेट नेटवर्क. फोन किंवा कॉम्प्युटर नेटला जोडला की त्याला एक क्रमांक मिळतो, त्याला आयपी पत्ता म्हणतात. आपण मेल उघडतो तेव्हा मेलच्या सर्व्हरला हा पत्ता दिसतो. हा माणूस साधारण कुठल्या देशातून, कुठल्या भागातून आणि कुठल्या कंपनीच्या नेटवरून आला, याचा अंदाज त्यावरून लागतो.

आता शेतातलं उदाहरण घ्या. विहिरीचं पाणी उघड्या पाटाने नेलं तर वाटेत सगळ्यांना दिसतं. तेच बंद पाइपलाइनने नेलं तर मधल्या कुणाला काही दिसत नाही, पाणी थेट पलीकडच्या टोकाला बाहेर पडतं. व्हीपीएन ही तशीच बंद पाइपलाइन आहे. तिचं एक टोक आपल्या फोनमध्ये आणि दुसरं व्हीपीएन कंपनीच्या सर्व्हरमध्ये असतं. मधल्या वायफायवाल्याला किंवा नेट देणाऱ्या कंपनीला आत काय चाललंय ते दिसत नाही. मात्र मेलच्या सर्व्हरला आपला घरचा पत्ता न दिसता पाइपाच्या दुसऱ्या टोकाचा पत्ता दिसतो. ते टोक सिंगापूरला असेल तर आपण सिंगापूरला आहोत असं त्याला वाटतं. मेलची सगळी भानगड इथूनच सुरू होते.

ही तंत्रं तशी जुनी आहेत. मायक्रोसॉफ्टमध्ये १९९६ च्या सुमारास तयार झालेलं पीपीटीपी हे पहिल्या काही पद्धतींपैकी एक. २००१ मध्ये ओपनव्हीपीएन आलं. वायरगार्ड ही नवी, हलकी पद्धत मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या मुख्य प्रणालीत सामील झाली. ॲपमध्ये पद्धत निवडायला सांगितली तर वायरगार्ड किंवा ओपनव्हीपीएन घ्यावं. पीपीटीपी आता सुरक्षित मानलं जात नाही, ते टाळावं.

मेल का अडतो?

मेल कंपन्या फक्त पासवर्ड बघत नाहीत. फोन नेहमीचा आहे का, जागा नेहमीची आहे का, वेळ नेहमीची आहे का, हेही बघतात. गावात अनोळखी माणूस रात्री दार वाजवायला लागला तर घरातला माणूस आधी 'कोण आहे?' विचारतो, तसंच हे. व्हीपीएनमुळे संशय येण्याची मुख्य कारणं अशी:

१. अशक्य प्रवास. सकाळी १० वाजता महाराष्ट्रातून मेल उघडला आणि १० वाजून ५ मिनिटांनी नेदरलँड्समधून. पाच मिनिटांत एवढं कुणी जात नाही. म्हणजे कुणीतरी पासवर्ड चोरला, असं यंत्र समजतं.

२. सामायिक पत्ता. व्हीपीएनच्या एका पत्त्यावरून एकाच वेळी शेकडो माणसं नेट वापरत असतात. त्यातल्या कुणी स्पॅम पाठवला किंवा भलत्याच खात्यांचे पासवर्ड लावून बघितले, तर तो पत्ता बदनाम होतो. त्याची झळ बाकीच्यांना बसते. वारंवार 'मी रोबोट नाही'ची चित्रं येतात ती त्यामुळेच.

३. डेटा सेंटरचा पत्ता. घरच्या ब्रॉडबँडचा पत्ता आणि मोठ्या सर्व्हर केंद्राचा पत्ता यातला फरक मेल कंपनीला कळतो. साधा माणूस सर्व्हर केंद्रातून मेल का उघडेल, अशी शंका येते.

४. अर्धवट पाइपलाइन. आपल्याकडच्या मोबाइल नेटवर आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ असे दोन प्रकारचे पत्ते चालतात. व्हीपीएन ॲप हलक्या दर्जाचं असेल तर एकच प्रकार पाइपातून जातो आणि दुसरा बाहेरून निसटतो. मग मेल कंपनीला त्याच मिनिटाला तोच माणूस दोन देशांत दिसतो.

५. जुना पासवर्ड. मेलचा पासवर्ड बदलला, पण जुन्या फोनमधल्या किंवा कॉम्प्युटरमधल्या मेल ॲपमध्ये जुनाच राहिला. ते ॲप दर काही मिनिटांनी चुकीचा पासवर्ड पाठवत राहतं. त्यात पत्ताही अनोळखी असेल तर सर्व्हर दार लावून घेतो.

एक दिलासा आहे. फोनमधल्या ॲपमध्ये आधीपासून लॉगिन असेल तर व्हीपीएन लावल्यावर ते सहसा बाहेर काढत नाही. अडचण येते ती नव्याने लॉगिन करताना, नवीन फोन घेतल्यावर, ब्राउझरची साठवलेली माहिती पुसल्यावर किंवा पासवर्ड बदलल्यावर.

लाइट गेली, रेंज गेली, तरी पत्ता बदलतो

गावाकडे याला आणखी एक पदर आहे. लाइट गेली की राउटर बंद पडतो, फोन मोबाइल डेटावर उडी मारतो. मळ्यात गेलं की टॉवर बदलतो. प्रत्येक वेळी व्हीपीएन तुटतो आणि पुन्हा जोडतो. ॲपमध्ये 'सर्वांत वेगवान सर्व्हर' असा पर्याय निवडलेला असेल तर दर वेळी वेगळ्या शहरातला, कधी वेगळ्या देशातला सर्व्हर मिळतो. मधल्या काही सेकंदांत फोन उघड्या नेटवरही येतो. म्हणजे अर्ध्या तासात एकच माणूस घरून, सिंगापूरहून, परत घरून आणि मग लंडनहून मेल उघडताना दिसू शकतो.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, सर्व्हर एकच ठरवून ठेवायचा. दुसरा, ॲपमधला 'किल स्विच' चालू करायचा. व्हीपीएन तुटला की तो पुन्हा जोडेपर्यंत हा स्विच नेट थांबवून धरतो, त्यामुळे पत्ता मागे-पुढे होत नाही. मात्र किल स्विच चालू असताना व्हीपीएन जोडलाच नाही तर नेटच चालणार नाही. रेंज आहे तरी काही उघडत नाही अशी तक्रार असेल तर आधी हे तपासावं.

व्हीपीएन लावण्याआधी ही पाच कामं करा

ही कामं घरच्या नेहमीच्या नेटवर, नेहमीच्या फोनवरून, व्हीपीएन बंद ठेवून करायची.

पहिलं काम: रिकव्हरी नंबर तपासा. गूगल खात्याच्या 'सिक्युरिटी' भागात खातं परत मिळवण्यासाठी दिलेला मोबाइल नंबर आणि दुसरा मेल दिसतो. नंबर आजही आपल्याच हातात आहे ना, ते बघा. बंद सिमचा नंबर काही काळाने कंपनी दुसऱ्याला देते, हे विसरू नका. जिचा मेल चालू आहे अशा घरातल्या व्यक्तीचा मेल दुसरा मेल म्हणून देता येतो.

दुसरं काम: मेल कुणी काढून दिला होता ते आठवा. अनेकांचा पहिला मेल नेट कॅफेत किंवा ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्याच्या दुकानात निघालेला असतो. रिकव्हरीला त्या दुकानदाराचाच नंबर असतो. असं असेल तर आजच आपला नंबर टाका आणि पासवर्ड बदला.

तिसरं काम: दुहेरी कुलूप लावा. पासवर्डनंतर दुसरी खात्री मागणारी सोय, म्हणजे टू-स्टेप व्हेरिफिकेशन, चालू करा. ऑथेंटिकेटर ॲप वापरलं तर कोड नेटशिवायही दिसतो. फक्त फोनचं घड्याळ 'ऑटोमॅटिक'वर ठेवायला हवं, घड्याळ मागे-पुढे असेल तर कोड चुकीचा ठरतो.

चौथं काम: बॅकअप कोड कागदावर लिहून ठेवा. गूगल ८ अंकी १० कोडचा संच देतं. प्रत्येक कोड एकदाच चालतो. सिम नाही, फोन हरवला, तरी या कोडने खातं उघडतं. नवीन संच काढला की जुना रद्द होतो. हा कागद रेशन कार्ड आणि सातबाऱ्याच्या फाइलमध्ये ठेवा. फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवू नका.

पाचवं काम: वेळ बघा. अर्जाची अंतिम तारीख, मुलाखत, परीक्षेचं हॉल तिकीट असं काही दोन-चार दिवसांवर असेल तर व्हीपीएनचा पहिला प्रयोग पुढे ढकला. घरात बी पेरायचं असतं तेव्हा कुणी नांगर दुरुस्तीला काढत नाही.

सेटिंग कशी ठेवावी?

सर्व्हर भारताचा निवडा. ॲपमध्ये देशांची यादी असते. केवळ वायफायवरच्या सुरक्षिततेसाठी व्हीपीएन हवा असेल तर परदेशी सर्व्हरची गरज नाही. काही कंपन्यांचा 'भारत' सर्व्हर प्रत्यक्षात दुसऱ्या देशात असतो, पण पत्ता भारताचा देतो. मेलच्या दृष्टीने तेही चालतं. जो निवडाल तो रोज तोच ठेवा. काही दिवसांत मेल कंपनीला त्या पत्त्याची ओळख होते आणि विचारपूस कमी होते.

मेल पाइपाच्या बाहेर ठेवा. हा सर्वांत सोपा उपाय. अँड्रॉइडसाठीच्या अनेक व्हीपीएन ॲपमध्ये 'स्प्लिट टनेलिंग' नावाची सेटिंग असते. कुठलं ॲप व्हीपीएनमधून जावं आणि कुठलं साध्या नेटने जावं, हे त्यात ठरवता येतं. मेल, बँक, यूपीआय आणि सरकारी ॲप्स साध्या नेटवर ठेवा. काही बँक ॲप्स व्हीपीएन दिसला की चालतच नाहीत आणि काही सरकारी संकेतस्थळं परदेशी पत्त्यावरून उघडत नाहीत, त्यामुळे हा दुहेरी फायदा होतो. ब्राउझरमधून मेल बघत असाल तर मेलसाठी एक ब्राउझर बाहेर ठेवा आणि बाकीच्या कामाला दुसरा वापरा.

इथे एक शंका येईल की मेल पाइपाबाहेर ठेवला तर तो उघडा पडतो का? नाही. जीमेल, आउटलुक, याहू यांचा फोन ते सर्व्हर हा प्रवास मुळातच सांकेतिक भाषेत होतो. मधला माणूस फार तर एवढंच बघू शकतो की तुम्ही जीमेलशी जोडलेले आहात. पत्रात काय लिहिलंय ते त्याला वाचता येत नाही.

आयफोन असेल तर. आयफोनवरच्या बहुतेक व्हीपीएन ॲपमध्ये स्प्लिट टनेलिंग मिळत नाही. तिथे मेलमध्ये नवीन लॉगिन करताना व्हीपीएन बंद ठेवायचा आणि लॉगिन झाल्यावर चालू करायचा.

राउटरवर व्हीपीएन नको. काही राउटरमध्ये थेट व्हीपीएन बसवता येतो. मग घरातला प्रत्येक फोन, टीव्ही, कॉम्प्युटर त्याच पाइपातून जातो. मुलाच्या गेमसाठी लावलेल्या व्हीपीएनमुळे आजोबांचं पेन्शनचं संकेतस्थळ बंद, असा प्रकार होतो. ज्याला गरज आहे त्याच्याच फोनवर तो ठेवावा.

कॉम्प्युटरवर मेल सॉफ्टवेअर वापरत असाल तर. थंडरबर्ड किंवा आउटलुकमध्ये मेल येण्यासाठी ९९३ किंवा ९९५ आणि पाठवण्यासाठी ४६५ किंवा ५८७ हे पोर्ट लागतात. जुन्या सेटिंगमध्ये पाठवण्याला २५ नंबरचा पोर्ट असेल तर व्हीपीएन लावल्यावर मेल येतो पण जात नाही. स्पॅम रोखण्यासाठी अनेक व्हीपीएन कंपन्या पोर्ट २५ बंद ठेवतात. तो बदलून ५८७ किंवा ४६५ केला की काम होतं. जीमेलमध्ये जुन्या सॉफ्टवेअरला नुसत्या पासवर्डने आत घेणं ३० मे २०२२ पासून टप्प्याटप्प्याने बंद झालं आहे. तिथे 'गूगलने साइन इन करा' हा मार्ग किंवा १६ अक्षरी ॲप पासवर्ड लागतो. तेव्हा मेल बंद पडला की दर वेळी दोष व्हीपीएनचाच असेल असं नाही.

'हे तुम्हीच आहात का?' असा इशारा आला तर

फोनवर सूचना येते, 'अमुक देशातून लॉगिनचा प्रयत्न, हो की नाही?' आपणच व्हीपीएन लावला असेल तर 'हो' दाबायला हरकत नाही. पण इथे मोठा धोका दडलेला आहे. रोज वेगवेगळ्या देशांच्या सूचना यायला लागल्या की माणूस न बघताच 'हो' दाबायला शिकतो. मग एखाद्या दिवशी खरा चोर दार वाजवतो आणि आपण सवयीने कडी काढतो. लांडगा आला रे आला या गोष्टीसारखंच आहे.

म्हणून प्रत्येक सूचनेला तीन गोष्टी बघा. वेळ आत्ताचीच आहे का? देश आपण निवडलेल्या सर्व्हरचाच आहे का? आणि आपण या क्षणी खरंच लॉगिन करतोय का? एकाही प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल तर 'नाही, हा मी नाही' दाबा आणि पासवर्ड बदला. एकच सर्व्हर ठरवून ठेवण्याचा खरा फायदा इथे दिसतो. आपला देश ठरलेला असला की परका लगेच ओळखू येतो.

कॉम्प्युटरवर जीमेल उघडलं की इनबॉक्सच्या अगदी तळाशी उजवीकडे 'डिटेल्स' अशी बारीक लिंक असते. तिथे खातं अलीकडे कुठल्या पत्त्यांवरून उघडलं, त्याची यादी मिळते. 'युवर डिव्हायसेस'मध्ये कुठल्या फोनवर खातं चालू आहे ते दिसतं. विकलेला जुना फोन तिथे दिसत असेल तर लगेच साइन आउट करा.

'तुमचा मेल ब्लॉक झाला, खालच्या लिंकवर पासवर्ड टाका' असा मेल किंवा मेसेज आला तर लिंक दाबू नका. ॲप स्वतः उघडून बघा. खरोखर काही अडलं असेल तर ते तिथेच दिसेल.

मेल अडलाच तर काय करावं?

• व्हीपीएन बंद करा, फोन एकदा बंद करून चालू करा.
• ज्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर पूर्वी हेच खातं उघडत होतं, तोच वापरा. घरचंच नेट वापरा. ओळखीचं उपकरण आणि ओळखीची जागा असेल तर खातं परत मिळण्याची शक्यता वाढते, असं गूगलही सांगतं.
• पासवर्ड अंदाजाने पुन्हापुन्हा टाकू नका. जास्त वेळा चुकला की थांबण्याची मुदत वाढते. बाकीच्या फोनमधलं जुन्या पासवर्डचं मेल ॲपही काढा.
• बॅकअप कोडचा कागद काढा. एक कोड टाकून आत जाता येतं.
• तेही नसेल तर खातं परत मिळवण्याच्या अधिकृत पानावर जाऊन प्रश्नांची उत्तरं द्या. जुना पासवर्ड आठवत असेल तर तो टाका, त्याचाही उपयोग होतो. लगेच जमलं नाही तर काही तास किंवा एक दिवस थांबून पुन्हा करा.
• कस्टमर केअरचा नंबर नेटवर शोधून फोन करू नका. 'पाचशे रुपये द्या, मेल उघडून देतो' म्हणणारे भामटे तिथेच टपून बसलेले असतात. स्क्रीन शेअर करायला लावणारं कुठलंही ॲप घेऊ नका.
• कुणी खातं बळकावलं आणि पैसेही गेले, तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा किंवा सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर तक्रार, तितकी पैसे थांबवता येण्याची शक्यता जास्त.

अर्जाची मुदत संपत असेल तर मेलच्या नादात दिवस घालवू नका. अनेक पोर्टलवर मोबाइल ओटीपीनेही लॉगिन होतं. तेही होत नसेल तर कॉलेजच्या सुविधा केंद्रात कागदपत्रांसह समक्ष जा.

कंपनीचं काम घरून करणाऱ्यांसाठी

पुण्या-मुंबईच्या कंपनीचं काम गावातून करणारी बरीच मुलं-मुली आहेत. कंपनीने दिलेला व्हीपीएन आणि बाजारातला व्हीपीएन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंपनीचा व्हीपीएन आपल्याला ऑफिसच्या आतल्या जाळ्यात नेतो. अँड्रॉइडवर एका वेळी एकच व्हीपीएन चालतो, त्यामुळे दुसरा चालू केला की ऑफिसचा तुटतो. बऱ्याच कंपन्यांनी परदेशी पत्त्यावरून मेल उघडायला बंदी घातलेली असते. तिथे एकदा परदेशी पत्ता दिसला की खातं गोठवलं जातं आणि आयटी विभागाला उत्तर द्यावं लागतं. म्हणून ऑफिसच्या लॅपटॉपवर स्वतःचा व्हीपीएन टाकायचा नाही. वैयक्तिक मेल ऑफिसच्या व्हीपीएनमधून बघायचा का, हेही आयटी विभागाला विचारूनच ठरवा.

पतसंस्था, दूध संघ, शाळा यांचा स्वतःच्या नावाचा मेल असतो. असे लहान सर्व्हर फार कडक असतात. एका पत्त्यावरून चार-पाच चुकीचे पासवर्ड आले की तो पत्ताच बंद करतात. व्हीपीएनचा पत्ता सामायिक असल्याने चूक दुसऱ्याची आणि दार आपल्याला बंद, असं होतं. जास्तीचे पैसे देऊन काही व्हीपीएन कंपन्यांकडून फक्त आपल्यासाठीचा स्वतंत्र पत्ता मिळतो. रोज अशा मेलवर काम असणाऱ्यांना तो परवडतो, बाकीच्यांना गरज नाही.

फुकटचा व्हीपीएन का नको?

सर्व्हर चालवायला खर्च येतो. जो फुकट देतो तो खर्च कुठून काढतो, हे विचारायलाच हवं. काही नामवंत कंपन्या मर्यादित सोयी फुकट देतात आणि पैसे भरणाऱ्या ग्राहकांवर खर्च भागवतात. बाकी अनेकांचा धंदा आपल्या माहितीवर चालतो. फेसबुकचं ओनावो हे व्हीपीएन ॲप लोक कुठली ॲप्स वापरतात याची माहिती गोळा करत होतं. ॲपलच्या नियमांमुळे २०१८ मध्ये ते ॲप स्टोअरवरून काढावं लागलं.

याहून गंभीर प्रकार मे २०२४ मध्ये उघड झाला. अमेरिकेच्या तपास यंत्रणांनी '९११ एस५' नावाचं जाळं मोडून काढलं. मास्कव्हीपीएन, ड्यूव्हीपीएन, शाइनव्हीपीएन अशा फुकट व्हीपीएनमधून लोकांच्या कॉम्प्युटरमध्ये चोरवाट ठेवली जात होती. मग गुन्हेगार त्या घरच्या पत्त्यावरून नेट वापरत. जवळजवळ २०० देशांतले १ कोटी ९० लाखांहून जास्त आयपी पत्ते त्यात सापडले. म्हणजे गुन्हा दुसऱ्याचा आणि पत्ता आपल्या घरचा. असा पत्ता बदनाम झाला की व्हीपीएन काढून टाकल्यावरही मेल अडू शकतो, आणि पोलिसांची विचारपूस आली तर ती वेगळीच.

व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल टाकून व्हीपीएन कधीही घेऊ नका. प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरवरूनच घ्या. ॲपने कॉन्टॅक्ट किंवा एसएमएस वाचण्याची परवानगी मागितली तर ते काढून टाका. व्हीपीएनला एसएमएसशी काही देणंघेणं नसतं.

कायदा काय म्हणतो?

भारतात व्हीपीएन वापरणं हा गुन्हा नाही. मात्र केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकाचं नाव, पत्ता, संपर्क क्रमांक, दिलेले आयपी पत्ते अशी माहिती ५ वर्षं जपून ठेवावी लागते. कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनला हा नियम लागू नाही. त्यानंतर एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन अशा काही कंपन्यांनी भारतातले आपले सर्व्हर हलवले. 'भारत' निवडूनही सर्व्हर दुसऱ्या देशात असतो, तो यामुळेच.

बंदी असलेली गोष्ट व्हीपीएन लावल्याने कायदेशीर होत नाही. जून २०२० मध्ये टिकटॉकसह ५९ ॲप्सवर बंदी आली, २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन गेमविरुद्ध कायदा झाला. पाइप बंद असला तरी पाणी कुठे चाललंय याचा जाब द्यावाच लागतो. जम्मू-काश्मीरमधल्या काही जिल्ह्यांत प्रशासनाने वेळोवेळी व्हीपीएनवर बंदीचे आदेश काढले आहेत. तिकडे तैनात जवानांनी स्थानिक आदेश पाहावेत. दुबई आणि संयुक्त अरब अमिरातीत व्हीपीएनच्या आड गुन्हा केल्यास जबर दंड आहे. नोकरीनिमित्त तिकडे असलेल्यांना घरच्यांनी ही माहिती जरूर द्यावी.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

व्हीपीएन लावल्यावर फसवणूक टळते का?
नाही. खोटी लिंक, लग्नपत्रिकेच्या नावाने आलेली एपीके, ओटीपी मागणारा फोन, यातलं काहीही व्हीपीएन थांबवत नाही.

घरच्या वायफायवर व्हीपीएन लागतोच का?
फक्त मेल, यूपीआय आणि व्हॉट्सॲप वापरणाऱ्याला घरी त्याची गरज नाही. एसटी स्टँड, हॉस्टेल, लॉज इथल्या मोकळ्या वायफायवर मात्र तो उपयोगी पडतो.

व्हीपीएनने ओटीपी येत नाही का?
एसएमएसने येणारा ओटीपी मोबाइलच्या नेटवर्कने येतो, व्हीपीएनचा त्याच्याशी संबंध नाही. ओटीपी येत नसेल तर रेंज, रिचार्ज आणि मेसेजची भरलेली जागा तपासा.

बॅटरी आणि डेटा जास्त जातो का?
दोन्ही थोडं जास्त जातं. सर्व्हर जितका लांब, तितका वेगही कमी.

थोडक्यात

• आधी रिकव्हरी नंबर आणि बॅकअप कोड, मग व्हीपीएन.
• एकच सर्व्हर, शक्यतो भारताचा.
• मेल, बँक, यूपीआय आणि सरकारी ॲप्स व्हीपीएनच्या बाहेर.
• लॉगिनची सूचना वाचूनच 'हो' दाबायचं.
• फुकटचा, एपीकेने आलेला व्हीपीएन नको.
• मेल अडला तर व्हीपीएन बंद, जुना फोन, घरचं नेट आणि थोडा धीर.

आज संध्याकाळी दहा मिनिटं काढा आणि घरातल्या प्रत्येकाच्या मेलचा रिकव्हरी नंबर तपासा. व्हीपीएन वापरत नसाल तरीही हे काम करून ठेवा. ते एकदा झालं की अर्जाच्या शेवटच्या दिवशी धावपळ होणार नाही.